यानाचं दार आणि एरंडोलचं पाणी

रेडिओतल्या खोट्या माणसासाठी हळहळणारी आणि शेजारी बसलेल्या खऱ्या माणसाकडे ढुंकूनही न बघणारी माणसं मी पाहिली आहेत. एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी पाहिली आहेत. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी माझा राग गेलेला नाही. तो घालवायचा मी कधी प्रयत्नही केला नाही. ज्यांच्यावर राग होता ती सगळी माणसं आता वर गेली. वर गेली म्हणून ती शहाणी होती असं मी म्हणणार नाही.

सत्तरच्या आगेमागे रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. टीव्ही आमच्या खान्देशात यायला अजून बरीच वर्षं होती, आमची सगळी करमणूक कानांची. मालिका होती आकाशातल्या यानाची. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण धुळ्यात काय आणि जळगावात काय, सगळे तिला नुसतं ‘यान’ म्हणायचे. पृथ्वी सोडून निघालेलं एक मोठं यान, त्यात थोडी माणसं, एक कडक कप्तान, आणि जिथे पोचायला आयुष्य संपेल एवढा लांबचा ग्रह. गोष्ट एवढीच. पण दर गुरुवारी शेवटी असं काही व्हायचं की पुढच्या गुरुवारपर्यंत जीव टांगणीला लागायचा.

माझे वडील, मी त्यांना आबा म्हणायची, धुळ्यात शिवणकाम करायचे. घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. शिवायची मशीन, कापायचं टेबल आणि फळीवर रेडिओ. आई मी लहान असतानाच गेली, मला ना भाऊ ना बहीण. मी काज-बटण, हुक, हातशिलाई करायची, आणि कामापेक्षा आमची तोंडंच जास्त चालायची. यान सुरू झालं की आबा मशीनवरून पाय काढून घ्यायचे. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक हात पसरून तसंच उभं राहायचं, आणि आबाही टेप त्याच्या छातीला तसाच धरून ठेवायचे.

खरी गंमत शुक्रवारी असायची. आदल्या दिवशीचा भाग आम्ही उसवून पुन्हा शिवायचो. यानाचं दार सरकल्याचा आवाज आला की आबा म्हणायचे, हे दारबिर काही नाही, पत्र्याच्या डब्यावरून कोणीतरी कात्री ओढतंय. मग ते स्वतः बटणांच्या डब्यावर कात्री ओढायचे आणि हुबेहूब तसाच आवाज निघायचा. कप्तानावरून आमचं हटकून वाजायचं. कप्तान म्हणजे नियमाचा पक्का, आणि मला तो माणूस अजिबात सहन व्हायचा नाही. आबा त्याच्या बाजूचे. नियम नसता तर यान कधीच बुडालं असतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायची, नियम माणसांनीच केले ना? त्यावर ते तोंडात धरलेली सुई काढून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा तोंडात धरायचे. वाद तेवढ्यापुरता माझ्या बाजूने सुटायचा.

मालिका अर्ध्यावर असताना माझं लग्न झालं आणि मी जळगावला आले. सासरी डाळीची आडत, घर मोठं, कशाला कमी नाही. रेडिओही होता, आबांच्या रेडिओच्या दुप्पट मोठा. त्याला सासूबाईंनी क्रोशाचं झाकण विणलं होतं. पण तो होता बैठकीत, आणि बैठकीत सुनेनं पाऊल टाकायचं नाही. सासऱ्यांसमोर, त्यांच्या मित्रांसमोर तर नाहीच नाही. मी माजघरात, बैठकीच्या दाराआड बसायची. सुपात तूरडाळ घ्यायची आणि निवडता निवडता ऐकायची. सासूबाई पलीकडे बसायच्या. आपल्याला त्या यानाबिनात काही गम्य नाही असा चेहरा त्यांचा असायचा, पण कप्तान बोलायला लागला की त्यांचा हात सुपातच थांबायचा.

सासरे यानाचे शौकीन होते, हे मान्य करायलाच हवं. त्यांच्याबरोबर दोघे हमखास असायचे. एक शेजारचे मारवाडी कापडवाले शेठ आणि दुसरे हायस्कुलात विज्ञान शिकवणारे मास्तर. गुरुवारी तिघे ऐकायचे आणि मग रोज संध्याकाळी चर्चा. ही चर्चा माझ्यासाठी छळ होता. सासरे पात्रांची नावं एकमेकांत मिसळायचे, शेठजी मागचा भाग विसरून पुढचा सांगायचे, मास्तर बिचारे बरोबर बोलायचे पण त्यांना कोणी बोलू द्यायचं नाही. मला सगळं माहीत असायचं. कुठला माणूस कधी मेला, कप्तानानं कोणाला काय वचन दिलं, सगळं. आणि मी दाराआड डाळीतले खडे वेचत दात आवळून बसायची. धुळ्यात असते तर एका वाक्यात तिघांची बोलती बंद केली असती.

शेवटच्या आधीचा भाग झाला तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. त्या भागात एक छोटी होडी यानाशी येऊन लागली. आकाशातली होडी. दुसरं कुठलं तरी यान फुटलं होतं आणि त्यातला एकच माणूस वाचून इथवर आला होता. त्याच्याजवळची हवा संपत आलेली. तो बाहेरून दार ठोकत होता. आणि यानाचा नियम होता की बाहेरच्याला आत घ्यायचं नाही, कारण मागे एकदा घेतलं तेव्हा रोगानं निम्मी माणसं गेली होती. कप्तान दारापाशी येऊन उभा राहिला. बाहेर ठकठक चालू. भाग तिथेच संपला. शेवट पुढच्या गुरुवारी.

तो आठवडाभर आमच्या बैठकीत जी पोटतिडीक चालली होती, ती मी जन्मात विसरणार नाही. मास्तरांनी एकदा भीत भीत म्हटलं की नियमामागे काही कारण असतं. सासऱ्यांनी त्यांना फाडून खाल्लं. “माणूस डोळ्यासमोर मरतोय आणि नियम काय चाटायचाय?” हे त्यांचे शब्द, दाराआडून स्वच्छ ऐकलेले. ज्याला दारात आलेला जीव दिसत नाही तो कप्तान कसला, त्याला खाली ढकलला पाहिजे, असंही ते म्हणाले. शेठजींनी मान डोलावली आणि दार उघडणं हाच धर्म असं सांगितलं. मला त्या दिवशी सासऱ्यांबद्दल प्रथमच माया वाटली. वाटलं, माणूस आपल्याच पक्षाचा आहे.

आखाजीला लेक माहेरी जाते. पण ती आपली आपण पिशवी घेऊन निघत नाही. माहेरचा माणूस मुराळी म्हणून न्यायला यावा लागतो, बहुतेक भाऊ. मला भाऊ नव्हता, म्हणून आबाच आले. नेमके त्या शेवटच्या गुरुवारी. वैशाखातली भर दुपार, जळगावचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. धुळ्याहून एसटीनं येऊन स्टँडपासून चालत आले. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात माझ्यासाठी शिवलेल्या पोलक्याची पुडी.

आणि इथे ती रीत येते. मुलीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पुष्कळ घरांत ही रीत होती, आणि पुष्कळ बाप शेजाऱ्याकडे जाऊन पाणी पिऊन यायचे. आबा त्यांतले नव्हते. त्यांच्या लेखी अख्खं जळगाव लेकीचं गाव, तिथलं पाणी वर्ज्य. शेवटचं पाणी त्यांनी एरंडोलच्या स्टँडवर प्यायलं होतं. त्यांचा बेत लगेच मला घेऊन उलट्या गाडीनं निघायचा होता. पण सासरे म्हणाले, आज यानाचा शेवट आहे, तो ऐकल्याशिवाय कसे जाता, सकाळच्या गाडीनं जा. आबांचे डोळे चमकले. यान म्हटलं की त्यांचा पाय निघणं कठीणच.

मग दुपारभर तो पाहुणचार चालला. लोड दिला, पंखा त्यांच्या बाजूला वळवला, पानाचा डबा पुढे सरकवला. पाणी घ्या, असं एकदा सासरे म्हणाले आणि नको नको, असं आबा म्हणाले. दोघांचंही समाधान झालं. विचारणाऱ्यानं रीत पाळली आणि नाकारणाऱ्यानं रीत पाळली. शेठजींनी सोडा मागवू का विचारलं, तोही आबांनी नाकारला. पंखा होता, पण वारा तव्यावरून आल्यासारखा.

मी माजघरातून बघत होते. दाराच्या फटीतून आबांचा चेहरा अर्धा दिसायचा. ऊन कललं तसा त्यांचा आवाज बसत गेला. यानावर चर्चा चालली होती, आबा कप्तानाची बाजू मांडत होते, आणि मध्येच ओठांवरून जीभ फिरवत होते. त्या जिभेकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सासरे तावातावानं म्हणत होते की दारातला माणूस तहानेनं, हवेविना तडफडतोय आणि तुम्ही नियम सांगता, याही? याही म्हणजे व्याही. आबा हसले. हसताना खालचा ओठ तडकून रक्ताचा ठिपका आला.

मी सासूबाईंना म्हटलं, आई, आबांना पाणी द्यायला हवं. त्यांनी सुपातून डोळे वर केले नाहीत.

“रीत शे ती,” त्या म्हणाल्या. “मना बाप बी आसाच कोरडा बठे. तुना बाप काही नवा नही.”

त्या वाक्यात माया होती की सूड होता, मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली एवढं खरं. एका बाईचा बाप कोरडा बसला म्हणून दुसरीच्या बापानंही बसायचं, ही कुठली वाटणी? घरात दोन माठ, बाहेर रांजण, आणि माझा नवरा डाळीच्या सौद्याला चोपड्याला गेलेला, म्हणजे बोलायलाही कोणी नाही. असता तरी तो वडिलांपुढे बोलला असता असं मला वाटत नाही.

यान सुरू झालं. बैठकीत सगळे रेडिओकडे तोंड करून बसले. पहिल्यापासून ठकठक. आता मला कळत होतं की कोणीतरी लोखंडावर काहीतरी आपटतंय, आणि एरवी आबांनी लगेच सांगितलं असतं कशावर काय ते. आबा काहीच बोलले नाहीत. मी फटीला डोळा लावला. त्यांनी खिडकीचा गज धरला होता. मान एका बाजूला गेली होती आणि डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. घाम येत नव्हता. एवढ्या उन्हाळ्यात त्या माणसाचं कपाळ कागदासारखं कोरडं होतं.

मी माठातून तांब्या भरला आणि बैठकीत गेले. पदर डोक्यावर होता की नव्हता, मला आठवत नाही. नंतर सगळ्यांना तेवढंच आठवत होतं. मी आबांच्या पुढ्यात बसले आणि तांब्या त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी ओठ मिटून घेतले. अर्धवट शुद्धीतही मिटले. मी निम्मं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं.

आणि सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. “थांब जरा,” ते म्हणाले. “दार उघडतात का, ऐकू दे.”

मी उठले आणि बटण पिळून रेडिओ बंद केला. खोलीत एकदम पंख्याचा आवाज मोठा झाला. मी सासऱ्यांसमोर उभी राहिले, लग्नानंतर प्रथमच त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

“नाना, त्यांना पाणी प्यायला सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय ते पिणार नाहीत.”

सासरे गोंधळले. एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा शेठजींकडे. मग म्हणाले, मी कसं सांगणार, रीत त्यांची आहे. आबा पुटपुटले, रीत यांच्या घरची आहे. दोन बाप एकमेकांकडे ती रीत ढकलत होते आणि त्यातला एक मरायला टेकला होता. मी ओरडले नाही. माझा आवाज इतका खाली गेला होता की मलाच त्याची भीती वाटली. मी आबांचं डोकं मांडीवर घेतलं, नाक धरलं आणि लहान मुलाला औषध पाजतात तसं पाणी पाजलं. श्वासासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं. मग मात्र तो माणूस असा प्यायला की तांब्या माझ्या हातून ओढून घेतला.

तेवढ्यात सासऱ्यांनी रेडिओ पुन्हा लावला. जुना दिव्यांचा रेडिओ, तापल्याशिवाय बोलायचा नाही. तो तापेपर्यंत सगळे त्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसले. आवाज आला तेव्हा शेवटचं संगीत वाजत होतं. यान संपलं होतं.

आबांना जरा बरं वाटल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? ते उठून बसले, ओल्या अंगानं सासऱ्यांपुढे हात जोडले आणि माफी मागितली. पाणी प्यायल्याबद्दल. आणि सासऱ्यांनी ती माफी दिली. मोठ्या मनानं दिली. मला मात्र दिली नाही. दोन मिनिटांनी काय बिघडणार होतं, एवढा महिनोन्‌महिने ऐकलेला शेवट घालवला, असं ते त्या रात्री जेवतानाही म्हणत होते, आणि पुढे कित्येक वर्षं नव्या माणसाला आमची सून कशी आहे हे सांगताना हीच गोष्ट सांगायचे. गोष्टीत आबा नसायचे. गोष्टीत फक्त मी, माझा पदर आणि बंद झालेला रेडिओ.

मला माहेरी पाठवायचं नाही असं त्यांनी ठरवलंच होतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या की आखाजी आहे, जाऊ द्या तिला. सकाळी निघताना त्यांनी माझ्या हातात पोळ्यांची पुरचुंडी दिली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

एसटी एरंडोलला थांबली तसे आबा खाली उतरले आणि स्टँडच्या नळाला ओंजळ लावून पीत राहिले. कंडक्टरनं घंटी मारली तरी पीत राहिले. परत येऊन बसले तेव्हा मी त्यांच्याशी बोलत नव्हते. धुळ्याच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत बोलले नाही. मग राहवलं नाही, विचारलं, काल तुम्ही मेला असतात तर?

आबा खिडकीबाहेर बघत होते.

“मी पिसु तं तुले आयकनं पडी,” ते म्हणाले. बाप लेकीच्या घरचं खातो-पितो, असं कोणी तुला टोचून बोललं तर मला कसं चालेल, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे हा माणूस माझ्यासाठी कोरडा बसला होता. ऐकून मी विरघळायला हवं होतं. मी विरघळले नाही. मला आणखी राग आला. माझ्यासाठी मरायला तयार असलेल्या बापाला माझ्या हातचा घोट प्यायला मात्र नको होता, आणि याला तो माया म्हणत होता. मी त्यांना हे सगळं सांगितलं, एसटीतली माणसं वळून बघेपर्यंत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. धुळ्यात त्या आखाजीला आम्ही यानाबद्दल एक शब्द बोललो नाही. गिऱ्हाइकं शेवट सांगायला लागली की मी आत जायची.

त्याच वर्षी दिवाळीला आबा पुन्हा जळगावला मला न्यायला आले. मी दाराआड होते. बैठकीत तेच तिघे, तोच रेडिओ, तेच झाकण. आबा लोडाला टेकले आणि त्यांनी पिशवीतून चकचकीत नवा फिरकीचा तांब्या काढला. एरंडोलच्या स्टँडवर भरून आणला होता. झाकण फिरवून उघडलं, दोन घोट घेतले. सगळ्यांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू. सासरे म्हणाले, हे छान केलंत याही, आता काही प्रश्नच नाही. शेठजींनी तांब्या हातात घेऊन पितळ कसं जड आहे ते पाहिलं. मास्तरांनीही मान हलवली. इतकी साधी युक्ती आधी कशी सुचली नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

मग सासऱ्यांना आठवण झाली. त्यांनी तो शेवट मी आखाजीला माहेरी असतानाच कोणाकडून तरी ऐकला होता, आणि तो आबांना सांगायचं राहून गेलं होतं. “दार उघडलं बरं का शेवटी,” ते म्हणाले. “कप्तानानं स्वतः उघडलं.”

“बरं झालं,” आबा म्हणाले, आणि त्यांनी तांब्याचं झाकण घट्ट फिरवून बंद केलं.

यानाचा शेवट मला असा, दाराआडून कळला. मी माजघरात उभी होते, सकाळीच भरलेल्या माठाला टेकून.